नऊ नंबरचं जाकीट

कुसुमला कुणाला माफ करता येत नाही. हे सगळे तिचा दोष म्हणून सांगतात. मी पस्तीस वर्षं धारवाडला कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि माफ करणारी माणसं पोत्यानं पाहिली. त्यातली निम्मी नुसती भित्री होती. कुसुम भित्री नाही, म्हणून तिच्यावर लिहायला बसले आहे.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात माझा भाचा श्रीनिधी बेंगळूरची नोकरी सोडून हुबळीला आला. माझे यजमान मुकुंदराव गेल्यापासून केशवापूरचं आमचं कागदाचं गोडाऊन रिकामं पडलं होतं. ते त्यानं मागितलं आणि तिथे ‘लेझर किल्ला’ उघडला. खेळ असा. आत मिट्ट काळोख, प्लायवूडच्या भिंतींचा चक्रव्यूह, त्यावर चमकणारे रंग आणि यंत्रातून सोडलेला धूर. अंगात एक जड जाकीट घालायचं. त्याच्या छातीवर, पाठीवर आणि दोन्ही खांद्यांवर काळपट तांबडी भिंगं. हातात बंदूक. बंदुकीतला किरण समोरच्याच्या भिंगावर पडला की जाकीट थरथरतं आणि बाहेरच्या कॉम्प्युटरवर एक मार लागल्याची नोंद होते. जास्त मार खाणारा हरला. जाकिटं बाराच, तीही बेंगळूरच्या एका बंद पडलेल्या हॉलमधून आणलेली जुनी.

मी तिकिटाच्या खिडकीत बसायचे. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं.

खरी कटकट माणसांची होती. श्रीनिधीनं पहिल्यांदा कॉलेजची पोरं ठेवली. ती कामापेक्षा खेळायचीच जास्त. बॅटऱ्या चार्जला लावायच्या विसरायची, धुराचं यंत्र सोडलं की स्वतःच खोकत बाहेर पळायची, आणि परीक्षा आली की सगळीच्या सगळी एका दिवसात गायब. जूनमध्ये तर धूर सोडण्यापासून चपला मांडण्यापर्यंत सगळं श्रीनिधी एकटा करत होता आणि आत काळोखात रडणाऱ्या पोरांना शोधत फिरत होता.

तेव्हा मी कुसुमला आणली. ती अळणावरजवळच्या एका खेड्यातली. नवरा पुंडलिक तिकडेच लाकडाच्या वखारीत. मुलगी राधा सातवीला, तिच्या शाळेसाठी कुसुम हुबळीत खोली घेऊन राहिली होती. आमच्या गल्लीतली बालवाडी बंद पडली, तिथे ती आया होती. वय चाळीसच्या आसपास, सहावारी साडी, दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या.

श्रीनिधी म्हणाला, ‘‘आत्या, ही? लेझरला?’’

‘‘लेझर तू सांभाळ. ती पोरं सांभाळेल,’’ मी म्हटलं.

आठवड्यात हॉल वळणावर आला. दोन हातांनी दोन पोरांना एकदम जाकीट चढवायची. कोणतं पोर आत जाऊन रडणार हे तोंडावरून ओळखून त्याला आधीच मुतायला पाठवायची. आत कुणी घाबरलं तर दिवे न लावता तशीच काळोखात शिरायची. बांगड्या वाजल्या की पोरं आवाजाच्या दिशेनं येऊन पदराला धरायची. कोणत्या जाकिटाचं बक्कल सैल, कुठली बंदूक हट्टी, हे तिला पाठ. दारावरच्या पाटीवर तिसरा नियम तिच्याच हट्टानं लिहिला गेला: ‘प्रत्येक खेळाआधी जाकीट पुसले जाईल.’

‘‘एकाच्या घामात दुसऱ्याचं लेकरू कशाला घालायचं?’’ ती म्हणाली. एवढं साधं आम्हा शिकलेल्यांना सुचलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये श्रीनिधीनं मॅनेजर नेमला. नागेश. सव्वीस वर्षांचा, कॉम्प्युटरचा काहीतरी कोर्स केलेला, केसांना चकचकीत काहीतरी चोपडलेलं. कॉम्प्युटर अडकला की तो एकटाच सोडवू शकायचा, आणि हे तो दिवसातून चारदा ऐकवायचा. सगळ्यांनी ‘सर’ म्हणायचं असा त्याचा हुकूम. कुसुम म्हणायची. मी नाही म्हटलं.

आली खंडे नवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. सुतार करवत पुजतो, रिक्षावाला रिक्षा. आमच्याकडे बंदुका होत्याच. चटईवर बारा जाकिटं, बारा बंदुका, झेंडूच्या माळा. पूजा नागेशनं केली. कुंकू ओलं करून त्यानं प्रत्येक भिंगावर बोटानं चांगलं जाड थापलं.

‘‘भिंगांवर कशाला रे?’’ मी विचारलं.

‘‘ते डोळे आहेत की मॅडम. डोळ्यांना नको काय?’’

मी आणखी बोलायला हवं होतं. पण मी कापूर शोधत होते, आणि पूजेत शहाणपणा नको असंही वाटलं. पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा रिवाज. कुसुम तर चटईच्या काठालासुद्धा पाय लागू न देता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी, दहा वाजल्यापासून रांग रस्त्यापर्यंत. राधा नवा परकर-पोलका घालून आईचं काम बघायला पहिल्यांदाच आली होती. नागेशनं आरती करून जाकिटं उचलली, ओल्या फडक्यानं वरवर फिरवल्यासारखं केलं आणि पहिले बारा जण आत सोडले. पाच मिनिटांत बोंब. कुणालाच मार लागेना. पोरं बंदुका आपटायला लागली. सहकुटुंब आलेल्या एका गृहस्थानं खिडकीवर हात आपटून मला इंग्रजीत सुनावलं.

श्रीनिधी धावत आला. ‘‘नागेश, काय झालं?’’

नागेशनं क्षणभर जाकिटाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. मला तेव्हा कळलं नाही, पण त्याला कळलं होतं, हे मी आज खात्रीनं सांगते. तो म्हणाला, ‘‘कुसुमक्कानं सकाळी पाण्यानं धुतली, सर. नको म्हटलं तरी. पुजलेली असताना हात घातला.’’

‘‘न्हाई!’’ कुसुम ओरडली. ‘‘म्या शिवलेसुद्धा न्हाई!’’

श्रीनिधीच्या कानात रांगेचा कालवा घुमत होता. तो सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसला, ‘‘यंत्रातलं कळत नाही तर हात कशाला लावायचा? आजपासून जाकिटांना शिवायचं नाही. चपला सांभाळ आणि झाडू मार.’’

‘‘हळ्ळी मंदी,’’ नागेश रांगेकडे वळून हसत म्हणाला. खेड्यातली माणसं. रांगही हसली. रांगेला काय, हसायला काहीतरी लागतंच.

राधा भिंतीला टेकून उभी होती. तिनं आईकडे पाहिलं नाही, स्वतःच्या नव्या चपलांकडे पाहत राहिली. कुसुमनं ते पाहिलं.

संध्याकाळी मी एक जाकीट घेऊन भिंग नखानं खरवडलं. नखात कुंकवाची पापडी आली. काळपट तांबड्या भिंगावर वाळलेलं कुंकू दिसत नाही, पण किरण मात्र आत जात नाही. आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरीनंही सांगितलं असतं. मी श्रीनिधीला दाखवलं.

‘‘आत्या, झालं ते झालं. नागेश गेला तर सीझन बुडेल,’’ तो म्हणाला. ‘‘कुसुमला काढलं थोडंच आहे?’’

आणि मी गप्प बसले. हे माझ्याविरुद्ध जातं, तरी लिहिते.

नागेशनं स्पिरिटनं जाकिटं पुसून घेतली, खेळ सुरू झाला. कुसुम चपलांच्या फळीपाशी बसायला लागली. माझ्याबरोबर चार वाजता चहा घ्यायची, तो तिनं बंद केला. मी एकदा म्हटलं, ‘‘अगं, मला माहीत आहे तू केलं नाहीस. भिंगांवरच्या कुंकवानं झालं ते.’’

‘‘तुम्हाला म्हाईत असून काय करायचं बाई? माझ्या लेकीला म्हाईत न्हाई. ती विचारती, आई, तू खरंच धुतलीस काय?’’ मग चपलांचे जोड लावत म्हणाली, ‘‘रांगेसमोर बोलला त्यो. रांगेसमोर त्याच्याच तोंडानं बोलायला पाहिजे, कुंकू म्या लावलं म्हणून. दुसरं काय नको मला. पगारवाढ नको, जाकिटं नकोत.’’

‘‘तो कशाला बोलेल?’’

‘‘बोलंल की. मला कुठं जायची घाई हाय?’’

दिवाळीनंतर नागेश चॅम्पियन झाला. गिऱ्हाइकांबरोबर खेळायला उतरायचा आणि एकही मार न खाता बाहेर यायचा. चाळीस-पन्नास मार दुसऱ्यांना, स्वतःला शून्य. कॉलेजची पोरं वेडी झाली. श्रीनिधीनं दारावर फलक लावला: ‘नागेश सरांना हरवा, महिनाभर फुकट खेळा.’ विद्यानगरहून, धारवाडहून पोरं यायची आणि मान खाली घालून जायची. नागेश नेहमी नऊ नंबरचं जाकीट घालायचा, ते स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवायचा. खेळाआधी मागच्या खोलीत जाऊन त्याची पूजा करायचा. बाहेर येताना छातीच्या पट्टीवर ठळक टिळा. पोरं त्या टिळ्याला हात लावून नमस्कार करायची. मलाही एकदा वाटलं, चला, थोडी तरी श्रद्धा आहे गाढवाला.

मार्चमध्ये एके दिवशी कुसुम खिडकीशी आली. पाच महिन्यांत पहिल्यांदा आपणहून. मूठ उघडली. तळहातावर केर, आणि त्यात लाल भुकटी.

‘‘त्याच्या कपाटाखालनं झाडून काढलं,’’ ती म्हणाली. ‘‘रोज एवढं निघतंय. बाई, म्या घरच्या देवाला वर्षात एवढं कुंकू लावत न्हाई. टिळा बोटभर आणि सांडतंय एवढं? उरलेलं कुठं लावतोय त्यो?’’

दसऱ्याला जे चुकून घडलं, तेच तो आता रोज मुद्दाम करत होता. चारही भिंगं आंधळी. शून्य मार खाणार नाही तर काय!

‘‘आत्ताच श्रीनिधीला बोलावते,’’ मी उठले.

‘‘बसा खाली!’’ असं मला माझ्या सासूनंतर कुणी म्हटलं नव्हतं. ‘‘आत्ता सांगितलं तर काय हुईल? तुमचा भाचा त्याला खोलीत नेईल, दार लावून चार शब्द बोलंल, संपलं. मला खोलीतलं नको.’’

‘‘मग?’’

‘‘चढू दे त्याला. अजून वर चढू दे.’’

तो चढलाच. एप्रिलमध्ये श्रीनिधीनं ठरवलं, धारवाडला सुभाष रोडला दुसरा हॉल काढायचा आणि तो नागेशच्या ताब्यात द्यायचा. मे महिन्यातल्या एका रविवारी मोठी जाहीर लढत ठेवली. लढतीनंतर धारवाडच्या हॉलची घोषणा. गावातल्या केबलवाल्याला कॅमेऱ्यासकट बोलावलं. या दोन महिन्यांत कुसुमनं नागेशकडे डोळा वर करून पाहिलं नाही. चपला लावायची, झाडायची. मात्र झाडताना आत जरा जास्त वेळ असायची. एकदा मी डोकावले तर दिवे बंद करून, बांगड्या कोपरापर्यंत घट्ट वर सारून, झाडू हातात धरून ती भिंतीभिंतीनं चालत होती. एवढासाही आवाज नाही. मी तशीच मागे फिरले.

त्या रविवारी सकाळी अकरालाच दोनशे माणूस दारात. राधाही आली होती. यायला तयार नव्हती, कुसुमनं ओढून आणली. श्रीनिधीनं माईक हातात घेतला. ‘‘कोण आहे नागेश सरांशी एकास एक खेळायला?’’

कॉलेजचे दोन-तीन जण पुढे सरसावले. त्यांच्याआधी कुसुमनं माझ्या खिडकीवर तिकिटाचे पैसे ठेवले. मी तिकीट फाडलं. इतक्या आनंदानं मी कधी तिकीट फाडलं नव्हतं.

मागच्या खोलीतून टिळा लावलेलं जाकीट घेऊन नागेश बाहेर आला. तिला पाहून हसला. ‘‘कुसुमक्का, तू? आणि चपला कोण सांभाळणार?’’

‘‘बाई सांभाळत्यात.’’

रांग खो खो हसली. मी निमूट जाऊन चपलांच्या फळीपाशी बसले. मला ते देणंच लागत होतं.

कुसुमनं पाच नंबर घेतलं, पुसलं, चढवलं. मग कमरेची खोबरेल तेलाची बाटली आणि एक पांढरं फडकं काढून नागेशकडे गेली. ‘‘द्या सर, तुमचंबी पुसून देते.’’

‘‘काही गरज नाही.’’

‘‘गरज कशी न्हाई? नियम हाय की.’’ तिनं पाटीकडे बोट दाखवलं. केबलवाल्यानं कॅमेरा पाटीवर फिरवला. रांगेतलं एक पोरगं मोठ्यानं वाचायला लागलं, ‘‘प्रत्येक खेळाआधी जाकीट...’’

‘‘पुजलेलं आहे ते!’’ नागेशनं जाकीट छातीशी धरलं. ‘‘पुजलेल्याला हात लावायचा नाही, कळत नाही?’’

‘‘कळतंय की. दसऱ्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालासा, कुसुमनं पुजलेल्याला हात लावला. लावला नव्हता, सर. आज लावते. सगळ्यांनी बघा.’’

तिनं जाकीट ओढून घेतलं. खोबरेलात भिजवलेलं फडकं एकेका भिंगावर दाबून फिरवलं आणि वर धरलं. पांढऱ्या फडक्यावर चार लालभडक गोल. टिळ्याला तिनं हात लावला नव्हता. तो होता तसाच राहिला.

रांगेत कुजबुज. काही बायका म्हणाल्या, असं करू नये. श्रीनिधीचा चेहरा मात्र उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘माझ्याकडे काय बघतोस? मी चपला सांभाळते आहे.’’

‘‘चला सर,’’ कुसुमनं जाकीट परत दिलं. ‘‘तुम्ही चॅम्पियन. कुंकवावर थोडंच चालतंय तुमचं?’’

आता मागे फिरणं त्याला शक्य नव्हतं. दोघं आत गेले. दहा मिनिटांचा खेळ. बाहेर कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोनच आकडे, सगळ्यांना दिसतील असे.

काय सांगू! सहा महिने त्या माणसाला लपायची गरजच पडली नव्हती. तो काळोखातसुद्धा छाती काढून चालायचा. कसं वाकायचं, कुठे आड व्हायचं, काही माहीत नाही. आणि कुसुमला त्या चक्रव्यूहाचा कोपरान् कोपरा झाडून झाडून पाठ. पहिल्या दोन मिनिटांत त्याला सहा मार. मग आतून बांगड्यांचा आवाज आला. तो त्या दिशेनं धावला असणार, कारण लगेच बांगड्या थांबल्या आणि पडद्यावरचा आकडा लागोपाठ चार वेळा हलला. पुन्हा बांगड्या वाजल्या, पुन्हा आकडा हलला. ज्या आवाजावर पोरं रडायची थांबायची, त्याच आवाजावर ती त्याला बकऱ्यासारखी बोलावून घेत होती. आठव्या मिनिटाला रांगच ओरडायला लागली, ‘‘बांगड्या! बांगड्या!’’

नागेशला एकेचाळीस. कुसुमला तीन.

बाहेर आल्यावर श्रीनिधी माईकवर काहीतरी पुटपुटला, महिनाभर फुकट वगैरे. कुसुम म्हणाली, ‘‘फुकट नको. सरांना एक बोलायला सांगा. दसऱ्याला जाकिटं कुणी बिघडवली ते.’’

‘‘मशीनच खराब आहे,’’ नागेश घाम पुसत म्हणाला. ‘‘हे धरायचं नाही.’’

‘‘मग परत खेळू. आता तुमच्या हातानं माझ्या भिंगांवर कुंकू लावा. दसऱ्याला लावलंत तसं जाड. तुमची कुंकवाची डबी हाय की खिशात. आणि तुमच्या जाकिटावर म्या तांब्याभर पाणी वतते. बघू कुठलं चालतंय, कुठलं बंद पडतंय.’’

केबलवाला जवळ सरकला. नागेशचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. कुंकू लावलं तर खोटेपणा उघडा, नाही लावलं तरी उघडा. शेवटी तो जमिनीकडे बघत म्हणाला, ‘‘तप्पायितु.’’ चूक झाली.

‘‘कुणाची?’’

‘‘...माझी. कुंकू मी लावलं होतं.’’

‘‘जोरात. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं न्हाई.’’

त्यानं कानडीत मोठ्यानं सांगितलं.

‘‘आता मराठीत. त्या दिवशी रांगेत दोन्ही भाषेची माणसं होती.’’

त्यानं मराठीत सांगितलं. कुसुमनं राधाकडे पाहिलं. ‘‘ऐकलंस?’’ राधानं मान हलवली. यावेळी ती चपलांकडे बघत नव्हती.

धारवाडची घोषणा झाली नाही. श्रीनिधी नागेशला तिथल्या तिथे काढायला निघाला, तर कुसुम आडवी आली. ‘‘काढू नका. चपलांवर बसवा. म्या सात महिने बसले, त्योबी सात महिने बसू दे.’’

मी टाळीच वाजवली. मला दयेचे धडे शिकवू नका, माझं वय झालंय. नागेश चपलांपाशी चार दिवस बसला. येणारं प्रत्येक पोर चप्पल काढताना विचारायचं, ‘‘सर, कुंकू आहे काय?’’ पाचव्या दिवशी तो आला नाही.

श्रीनिधीनं खोलीत बोलावून कुसुमची माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘तुम्हीबी रांगेसमोर बोलला होतासा.’’ त्या बिचाऱ्याला पुढच्या रविवारी माईकवर माफी मागावी लागली. मग जाकिटं, धूर, पोरं, नवी माणसं नेमणं, सगळं तिच्या हातात आलं. नोकरी मागायला येणाऱ्याला ती आधी काळोखात रडणारं पोर शोधायला पाठवायची. शोधून आणलं तर नोकरी. माझा चहाही सुरू झाला, पण चार वाजता नाही, तिच्या सोयीनं.

दोन हजार नऊ साली जाकिटं पार मोडकळीला आली, नवी घ्यायची ऐपत नव्हती, हॉल बंद झाला. कुसुम आता एका शाळेत पोरांच्या बसवर असते. राधा बी.एस्सी. करते आहे. फिजिक्स घेतलं आहे, माझ्याकडे शिकायला येते.

आमच्याकडे दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देऊन लोक जुनी भांडणं मिटवतात. कुसुम त्याच्या आदल्या दिवशी, खंडे नवमीला, कोप्पीकर रोडला जाते. तिथे नागेशचं मोबाईलचं दुकान आहे. काउंटरवर ती प्रसादाची पुडी ठेवते. आत एक पेढा आणि मूठभर कुंकू. प्रसाद नको म्हणता येत नाही. तो दोन्ही हातांनी घेतो.

गेल्या वर्षी मी बरोबर गेले होते. परत येताना रिक्षात विचारलं, ‘‘किती वर्षं देणार आहेस गं?’’

‘‘त्याचं दुकान हाय तोवर,’’ कुसुम म्हणाली, आणि बांगड्या सारख्या केल्या.